विस्थापन: शून्य

तुतीच्या गल्लीत त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला एकूण एकोणचाळीस गाड्या उभ्या होत्या. बावीस फुटपाथला लागून, आणि सतरा त्यांच्या बाहेरून, दुसऱ्या रांगेत. समोरच्या बाजूला मुलींच्या शाळेची भिंत होती; तिथे शाळेच्या बस लागत, म्हणून ती बाजू मोकळी. बाहेरच्या सतरांपैकी सोळा गाड्या न्यूट्रलमध्ये होत्या, हँडब्रेक खाली, चाकं सरळ. त्यांतल्या नऊंच्या एकेका चाकाखाली अर्धी वीट होती. सतराव्या गाडीचा हँडब्रेक सात टकटक वर ओढलेला होता, ती पहिल्या गिअरमध्ये होती, तिची पुढची चाकं फुटपाथकडे वळवलेली होती, आणि चारही चाकांभोवती रस्त्यावर पांढऱ्या खडूच्या रेघा मारलेल्या होत्या.

सतरावी गाडी इनासच्या वडिलांची होती. तिच्याआड, फुटपाथला लागून जी अडकली होती, ती मामाकडून मागून आणलेली जुनी स्टेशन वॅगन. ती इनासला घेऊन जायची होती.

शुब्राच्या दाट वस्तीत दुसऱ्या रांगेत गाडी लावायची तर ती मोकळी सोडायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आतल्याला निघायचं झालं की तो बाहेरची गाडी ढकलतो, आपली काढतो आणि आपल्या वाटेने जातो. बाहेरच्याची गाडी संध्याकाळी दहा-बारा मीटर पुढे नाहीतर मागे सापडते. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. हे सगळं सुरळीत चालावं म्हणून गल्लीला एक साईस होता, अम्म शलबी, म्हणजे शलबीकाका. पूर्वी साईस घोडे सांभाळत, हा गाड्या सांभाळायचा. गेली सत्तावीस वर्षं कुठली गाडी एका हाताने हलते आणि कुठलीला खांदा लावावा लागतो, हे त्याला पाठ होतं. विटा त्याच्याच. अकरा गाड्यांच्या किल्ल्याही त्याच्या कोटाच्या खिशात असत.

इनासच्या वडिलांची किल्ली त्या खिशात कधीच गेली नव्हती. इंजिनिअर वगीह अकरा वर्षं जर्मनीत पुलांचे सांधे तपासून सात महिन्यांपूर्वी कायमचे परत आले होते. गाडीची किल्ली दुसऱ्याला देणं त्यांना आपला दात घासायचा ब्रश देण्यासारखं वाटे. माणूस गाडी कशी उभी करतो त्यावरून त्याचा देश ओळखता येतो, असं त्यांचं मत होतं, आणि मत झालं की ते कागदावर उतरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गल्लीतल्या सातही इमारतींच्या जिन्यात त्यांनी लावलेलं पत्रक होतं. पायाचा ब्रेक दाबून ठेवावा. हँडब्रेक ओढावा, दर टकटकीला एक दाता. पाचवर गाडी नीट धरत नाही, नऊवर तार ताणते, म्हणून सात. मग पाय सोडून गाडीला हँडब्रेकवर बसू द्यावं, आणि ती बसल्यावरच पहिला गिअर टाकावा, नाहीतर सगळा भार गिअरवर येतो. चाकं फुटपाथकडे वळवावी. पत्रकात एकही चूक नव्हती. इनासने ते दोनदा तपासलं होतं.

मार्चमध्ये चौथ्या मजल्यावरच्या मादाम करीमानची गाडी एका पहाटे आपली आपण निघाली, चौतीस मीटर गेली आणि फुल-मुदम्मसच्या, म्हणजे उकडलेल्या घेवड्याच्या, गाड्याला टेकून थांबली. दोन ताटल्या फुटल्या, लोणच्याची एक बरणी सांडली. वगीहसाहेबांनी गल्लीचा उतार मोजला, तो एक पूर्णांक एक दशांश अंश भरला. त्यांनी बैठक बोलावली. बैठकीत चहा झाला. हँडब्रेक ओढायचाच, असा ठराव झाला आणि एकतीस जणांनी सह्या केल्या. असा विचार करणारा माणूस आपल्या गल्लीत आला हे आपलं भाग्य, असं तिघांनी उठून बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या रांगेत ओढलेले हँडब्रेक होते एक.

वगीहसाहेब खचले नाहीत. त्यांनी पुरावा गोळा करायला घेतला. रोज रात्री ते आपल्या गाडीच्या चाकांभोवती खडूने रेघा मारत आणि सकाळी पोलादी टेपने तपासत. एका वहीत तीन रकाने होते: रात्र, हँडब्रेक, विस्थापन. त्र्याऐंशी रात्री झाल्या होत्या. तिसऱ्या रकान्यात त्र्याऐंशी शून्यं होती.

*

"आज ना?" अम्म शलबी म्हणाला. तो शाळेच्या भिंतीशी खुर्ची टाकून चहा पीत होता. "परीक्षा आजच ना, डॉक्टरबाई?"

इनासला अजून कोणी डॉक्टर केलं नव्हतं. ती पदार्थविज्ञानात मास्टर्स करत होती आणि आज नऊ वाजता अब्बासियातल्या विद्यापीठात तिची तोंडी परीक्षा होती. पण तिने कॉलेजात पाऊल टाकल्यापासून अम्म शलबी तिला डॉक्टरबाईच म्हणायचा.

"नऊ वाजता," ती म्हणाली. "अम्म शलबी, बाबांची गाडी बाहेर लागलीय."

"दिसतेय की. रात्री लावताना मी म्हटलं, बाशा, आत पोरीची गाडी आहे. म्हणाले, तिला गुरुवारी लागणार आहे."

इनासने वरच्या मजल्यावर जाऊन बाबांची खोली पाहिली. बिछाना आवरलेला, बॅग नाही. टेबलावर निमंत्रणपत्र होतं: अलेक्झांड्रिया, परिसंवाद, 'गाडी उभी करण्याची शिस्त आणि राष्ट्रीय चारित्र्य'. सहाची गाडी. ते टॅक्सीने स्टेशनवर गेले होते आणि किल्ली नेहमीप्रमाणे खिशात घालून गेले होते.

सात वाजून पाच मिनिटांनी फोन लागला. मागे रेल्वेचा खडखडाट होता.

"बाबा, गाडीची किल्ली कुठे आहे?"

"माझ्याकडे. का?"

"दुसरी?"

"ऑफिसच्या खणात."

"खणाची किल्ली?"

फोनमध्ये किल्ल्यांचं जुडगं खुळखुळलं. "याच जुडग्यात आहे," वगीहसाहेब म्हणाले. "परीक्षा गुरुवारी ना तुझी?"

"आज, बाबा. मंगळवार."

वगीहसाहेब खाकरले. मग म्हणाले, "टॅक्सी कर."

"प्रयोगाची पेटी टॅक्सीत मावत नाही. आणि ती आता बाहेर निघतही नाही. मागचं दार उघडायला जागाच नाही."

"मी बन्हा स्टेशनला उतरून परत येतो."

"बन्हा गेलं असेल, बाबा."

त्यांनी बहुधा खिडकीबाहेर पाहिलं. "गेलं," ते म्हणाले. आणि मग जरा हळू आवाजात, "हललीय का ती?"

"काय?"

"गाडी. रेघांपासून."

इनासने खिडकीतून खाली पाहिलं. "नाही, बाबा. केसभरही नाही."

"हं," वगीहसाहेब म्हणाले, आणि एवढ्या काळजीतही त्या हुंकारात समाधान होतं ते तिला ऐकू आलं.

*

पेटी काचेची होती. एक मीटर नव्वद सेंटिमीटर लांब, आत बारीक चाळलेली वाळू, वजन एकसष्ट किलो. वाळूचा उतार किती अंशांवर घसरतो, आणि पेटीला हलक्या टिचक्या मारत राहिलं तर त्याच्या किती आधी घसरतो, हे इनासने दोन वर्षं मोजलं होतं. परीक्षकांना ते समोर दाखवायचं होतं. बाहेरचे परीक्षक अस्यूतहून आले होते आणि दुपारच्या गाडीने परतणार होते. परीक्षा हुकली तर पुढची तारीख ऑक्टोबरमध्ये. विभागात सहायक शिक्षकाची एकच जागा निघाली होती आणि तिची मुदत जूनअखेर संपत होती. हे सगळं गल्लीला माहीत होतं, कारण काल संध्याकाळी पेटी वॅगनमध्ये चढवायला गल्लीतलेच चौघे आले होते.

वॅगनच्या मागे बावीस सेंटिमीटरवर कै. हाज बरकात यांची गाडी होती. हाज जाऊन तीन वर्षं झाली, गाडीची चारही चाकं रस्त्यावर बसली होती, आणि वारसांचा दावा कोर्टात चालू होता. पुढे तीस सेंटिमीटरवर एका दंतवैद्याची गाडी. उजवीकडे फुटपाथवर तुतीचं झाड, इतकं जवळ की त्या बाजूचं दार उघडत नव्हतं. वाट होती ती एकाच बाजूने, आणि तिथे बाबांचा सिद्धान्त उभा होता.

फुल-मुदम्मसच्या गाड्याभोवती उभ्याने न्याहारी करणारी मंडळी भाकरीचे तुकडे हातात घेऊन बघायला आली.

"काच फोडा," एक जण म्हणाला. "हँडब्रेक खाली टाकला की झालं."

"इंजिनिअरसाहेबांच्या गाडीची काच?" गाडेवाला हमामा म्हणाला. "तू फोड. मी घरी जातो."

चौथ्या मजल्यावरून मादाम करीमानने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली होती. ती टोपली अर्ध्यात थांबवून ती कठड्यावर वाकली. "काय झालं रे शलबी?"

"वगीहसाहेबांनी हँडब्रेक ओढलाय, मादाम."

"चांगलंच केलं. ठरावच आहे तसा. मी सही केलीय, तिसऱ्या नंबरला."

"मग तुमच्या गाडीचा का नाही ओढला?"

"मी सही केली म्हणाले, शलबी. ओढते असं कुठे म्हणाले?" टोपली पुन्हा खाली येऊ लागली. "हमामा, तअमियाचे चार वडे घाल, आणि कालच्यासारखे काळे नको."

अम्म शलबी इनासजवळ येऊन बसला. तिने वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड मांडली होती. गाडीचं वजन बाराशे चाळीस किलो. चाकं चारही जाम: मागची हँडब्रेकने, पुढची गिअरने. रबर आणि डांबर यांचं घर्षण साधारण सात दशांश. ओढून न्यायची तर आठशे अडुसष्ट किलोचा जोर लागतो. एका माणसाचे चाळीस धरले तर—

"बावीस माणसं," ती म्हणाली. "आणि बावीस माणसांना धरायला जागाच नाही."

"बावीस कशाला?"

"ओढायला."

"ओढतंय कोण तिला?" अम्म शलबीने चहाचा पेला फुटपाथवर ठेवला. "ओढायला गेलं की ती हट्टाला पेटते, पोरी. ब्रेक कुठे असतो तिचा? जमिनीत. तिला उड्या मारायला लावायची. बॉनेट दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. तिसऱ्या खेपेला ती आपणहून वर येते, तेव्हा सगळ्यांनी थोडा हात लावायचा. वर असते तेवढ्यात तिला ब्रेक नसतो. तेवढ्यात सरकवायची."

इनासने वहीकडे पाहिलं. दोन वर्षं ती काचेच्या पेटीला टिचक्या मारत होती.

"मग किती लागतील?" तिने विचारलं.

"पुढे सात, कारण इंजिन तिथे आहे. मागे पाच. आणि ओरडायला मी."

तिने टेप आणली. वॅगनची रुंदी एक मीटर सत्तावन्न. दोन रांगांमधलं अंतर चाळीस सेंटिमीटर. गाडी निदान एक मीटर पंचवीस बाहेर सरकली तर वॅगन तिरकी काढता येत होती. तिने खडू घेतला आणि बाबांच्या रेघांपासून तेवढ्या अंतरावर रस्त्यावर एक खूण केली.

बारा माणसं जमवायला सहा मिनिटं लागली. हमामा, त्याची पाच गिऱ्हाइकं, रजेवर आलेले दोन शिपाई, शाळेतले अरबीचे मास्तर, इस्त्रीवाला, दंतवैद्याच्या दवाखान्यात दाढ धरून बसलेला एक पेशंट, आणि डोक्यावरची भाकऱ्यांची फळी भिंतीला टेकवून आलेला सायकलवाला. त्यांच्यापैकी चौघांची नावं ठरावावर होती.

"एक सांगू का, अम्म शलबी," अरबीचे मास्तर बाह्या सारत म्हणाले, "हे ठरावाच्या विरुद्ध होतंय का?"

"ठरावात काय आहे, उस्ताद?"

"हँडब्रेक ओढावा, असं आहे."

"ओढलेला आहे. कोणी त्याला हात लावतोय का?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि बंपर धरला.

"हेला," अम्म शलबीने आवाज दिला, "हेला, हेला, होब."

पहिल्या 'होब'ला गाडी अकरा सेंटिमीटर सरकली आणि किंचाळायला लागली. चोरी होतेय हे तिला कळलं होतं. दिवे उघडमीट करत ती बोंबलत राहिली, आणि त्या आवाजाने गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. उघडलेल्या प्रत्येक खिडकीतून एकेक सल्ला आला. दुसऱ्या 'होब'ला दंतवैद्याच्या पेशंटचा पाय घसरला. तो म्हणाला, दाढेपेक्षा हे बरं. मग मागची बाजू, मग पुन्हा पुढची. गोंगाट इतका होता की 'होब' ऐकू येईना, तेव्हा अम्म शलबीने हात वर करून खाली आणायला सुरुवात केली, आणि बारा माणसं त्या हाताकडे बघत उचलू लागली. अकराव्या खेपेला उजवं पुढचं चाक इनासच्या खुणेच्या तीन सेंटिमीटर पलीकडे टेकलं.

"बस," इनास म्हणाली.

गाडी अजून ओरडत होती. तिचा हँडब्रेक सातवर होता, गिअर पहिला होता आणि चाकं नियमाप्रमाणे फुटपाथकडे वळलेली होती.

वॅगन काढायला पंधरा मिनिटं लागली. अम्म शलबी मागे चालत, दोन्ही हातांनी हवेत वर्तुळं काढत सांगत राहिला: अजून, अजून, मोड, पूर्ण मोड, थांब, काचेचं सामान आहे, हळू. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा होती. आठ वाजून चौदा मिनिटांनी इनास बाहेर पडली.

"ही अशी मध्येच राहिली तर शाळेच्या बस कुठून जातील?" तिने खिडकीतून विचारलं.

"तू जा. तिची सोय करतो."

"बाबा विचारतील तेव्हा—"

"विचारतील तेव्हा सांगू. आणखी एक गोष्टही राहिलीय सांगायची." अम्म शलबी खिडकीशी वाकला. "मार्चमध्ये करीमानबाईंची गाडी गेली ना, तिच्या चाकाखाली माझी वीट होती. आदल्या संध्याकाळी साहेबांनी उचलून कचऱ्यात टाकली. रस्त्यावर विटा शोभत नाहीत म्हणून. बैठकीत मी बोललो नाही."

"का नाही बोललात?"

"चहा त्यांचा होता," अम्म शलबी म्हणाला. "जा आता."

गल्लीच्या टोकाला वळताना तिने आरशात पाहिलं. 'हेला होब' पुन्हा सुरू झालं होतं, आणि वडिलांची गाडी बोंब मारत, दिवे मिचकावत, बसफुगडी घालत फुटपाथकडे निघाली होती.

*

वगीहसाहेब संध्याकाळी सहाला परतले. गल्लीला ते येणार हे माहीत होतं, म्हणून त्या वेळी सगळ्यांनाच बाल्कनीत काही ना काही काम निघालं होतं. मादाम करीमान वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालत होती.

"परिसंवाद कसा झाला, साहेब?" हमामाने विचारलं.

"उत्तम. ठराव झाला. एकमताने."

"वा."

मग त्यांना गाडी दिसली. ती आतल्या रांगेत होती, हाज बरकात आणि दंतवैद्य यांच्या मधोमध, पुढे-मागे वीतभरसुद्धा जागा न ठेवता, फुटपाथला समांतर. बाहेर रस्त्यावर त्यांच्या खडूच्या रेघा गाडीविना होत्या. त्यांनी खिसा चाचपला. किल्ली होती.

"कोणी ढकलली?" त्यांनी विचारलं.

"कोणी ढकलली नाही, बाशा," अम्म शलबी खुर्चीतून उठून म्हणाला. "ढकलून हलते होय ती? पक्की बसवलेली."

"मग हँडब्रेक कोणी काढला?"

"काढणार कसा? किल्ली तुमच्याकडे. आहे तसाच आहे, बघा."

वगीहसाहेबांनी दार उघडायचा प्रयत्न केला. झाडामुळे उजवं उघडलं नाही. डावीकडून आत वाकून त्यांनी पाहिलं. दांड्याशेजारी त्यांनी सातव्या दात्याची खूण म्हणून लाल पट्टी चिकटवली होती. दांडा पट्टीवर होता. गिअर पहिला. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.

इनास जिन्यातून खाली आली. तिला यायला अर्धा तास झाला होता आणि तिने अजून केसांतली वाळू झटकली नव्हती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग बॅगेतून टेप काढली, खडूच्या रेघेपाशी गुडघा टेकला आणि टेपचं दुसरं टोक तिच्यापुढे धरलं.

"चाकाला लाव," ते म्हणाले. "मध्यावर."

तिने लावलं.

"परीक्षा?"

"झाली, बाबा. पास केलं. जागेसाठी नाव पाठवणार आहेत."

"पोचलीस किती वाजता?"

"आठ बावन्नला."

त्यांनी मान हलवली. मोजमाप त्यांनी पुन्हा एकदा घेतलं. दोन्ही वेळा तेच आलं. वर मादाम करीमानच्या हातात एकच वाळलेला मोजा होता.

"किती माणसं होती?" वगीहसाहेबांनी वर न पाहता विचारलं.

"बारा," इनास म्हणाली. "आणि अम्म शलबी."

त्यांनी बॅगेतून वही काढली, गुडघ्यावर ठेवली, पेनचं टोपण दातांत धरलं आणि शेवटच्या शून्याखाली लिहिलं:

रात्र ८४. हँडब्रेक: ७. विस्थापन: १ मीटर ९७ सें.मी., उजवीकडे.